मांजर दिसते, बाई दिसत नाही

खिडकीच्या कठड्यावर आखूड शेपटीची एक पांढरी मांजर अंग गोळा करून बसली आहे. शेजारी हात पुसायचा पंचा आणि पाण्याचा वाडगा. खिडकीला गज. गजांपलीकडे भाताची खाचरे, बांधावरून देवळाकडे निघालेली मुंग्यांएवढ्या माणसांची रांग, आकाशात पक्ष्यांची ओळ, मागे फुजी पर्वत आणि मावळतीचा रंग. हिरोशिगे या चित्रकाराच्या 'एदोची शंभर स्थळे' या छापील मालिकेतले हे चित्र १८५७ सालच्या अकराव्या महिन्यात एदो शहराच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, बाजारात विकायला आले. आज ते कापडी पिशव्यांवर, चहाच्या मगांवर, मोबाइलच्या कव्हरांवर असते. मांजर पाळणाऱ्यांचे तर विशेष लाडके.

आता नजर जरा खाली, डाव्या कोपऱ्यात न्या. जमिनीवर कागदात केसात खोवायचे नवे आकडे पडले आहेत, दाताळ्याच्या आकाराचे. बाहेर जी जत्रा चालली आहे तिथे दाताळी विकत घ्यायची रीत होती. दाताळ्याने नशीब ओढून आणायचे म्हणून. म्हणजे हे आकडे जत्रेतून कुणीतरी भेट म्हणून आणले आहेत. कडेला आडोशाच्या पडद्याची एक पट्टी तेवढी दिसते. ही खोली योशिवारातली आहे. योशिवारा म्हणजे सरकारी परवान्याने चालणारी वेश्यावस्ती: भोवती खंदक आणि आत-बाहेर जायला एकच मोठा दरवाजा. आकडे आणणारे गिऱ्हाईक आणि ज्या बाईसाठी ते आणले ती बाई, दोघेही पडद्याआड आहेत. त्या दिवशी जत्रेमुळे वस्तीत बाहेरच्या लोकांची वर्दळ असे आणि बाईला गिऱ्हाईक मिळालेच पाहिजे असा दंडक असे. बाहेर बघायची मोकळीक खोलीत एका मांजरीलाच आहे.

हे चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर टांगायचे तर खाली पाटीवर काय लिहायचे? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावरून जपानमध्ये अलीकडेच चांगली खडाजंगी झाली.

२०२४ च्या मार्च ते मे महिन्यांत तोक्योच्या उएनो भागात, तोक्यो कला विद्यापीठाच्या संग्रहालयात, योशिवारावर मोठे प्रदर्शन भरले. देशोदेशीच्या संग्रहालयांतून चित्रे उसनी आणली होती. ते उघडण्याआधीच, फेब्रुवारीत, समाजमाध्यमांवर त्याच्या जाहिरातीवरून गदारोळ उठला. 'एदो अमेझिंग' असे उपशीर्षक, आणि योशिवारा म्हणजे फॅशनचे, करमणुकीचे, सुसंस्कृतपणाचे माहेरघर असा एकूण थाट. लोकांनी विचारले, जिथे मुली विकल्या जात होत्या त्या जागेची तुम्ही जत्रा मांडता? आयोजकांना निवेदन काढावे लागले: स्त्रियांच्या हक्कांची ती पायमल्लीच होती, तशी व्यवस्था पुन्हा येता कामा नये, याची आम्हाला जाणीव आहे. जाहिरातीचा सूरही बदलला.

वादात नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणे, कलेला कला म्हणून बघा, आजची नैतिकता अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या गळ्यात बांधू नका. दुसरा म्हणे, असली प्रदर्शने भरवूच नयेत. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दोघांची चूक एकच आहे असे माझे म्हणणे आहे. ही चित्रे मुळात काय आहेत हेच दोघे विसरतात. ती बाजारात विकायला काढलेला माल आहेत. आणि मालाबद्दल काही प्रश्न विचारावेच लागतात: पैसा कोणाचा, विकत कोण घेणार, सरकारने काय छापू दिले नाही, आणि या व्यवहारात कोणाला विचारलेच नाही.

या चित्रांना जपानीत 'उकियो-ए' म्हणतात, तरंगत्या जगाची चित्रे. नाव इतके सुंदर आहे की त्यानेच अर्धा घोटाळा केला आहे. 'तरंगते जग' म्हटले की डोळे मिटून उसासा टाकावासा वाटतो. पण कारखान्यात जाऊन बघितले तर तरंगणारे काही नाही. भांडवल प्रकाशकाचे. कोणता विषय खपेल हे तोच ठरवणार आणि चित्रकाराला तसे सांगणार. चित्रकाराने पातळ कागदावर काळ्या रेघांचे चित्र काढले की तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरणाऱ्याने रेघा ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकायचे. मूळ चित्र त्यात संपते. हिरोशिगेच्या हातची रेघ म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती खरे म्हणजे कोरणाऱ्याच्या सुरीची रेघ असते. कपाळावरच्या केसांच्या मुळांशी एकेका मिलिमीटरमध्ये दोन-तीन रेघा कोरायच्या, तेही एवढेसे लाकूड मध्ये शिल्लक ठेवून! ते काम कारखान्यातला सर्वांत मुरलेला माणूस करी. मग दर रंगाला वेगळा ठोकळा; छापणाऱ्याने कागद प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यातल्या खाचेला नेमका टेकवायचा, म्हणजे रंग एकमेकांवर सरकत नाहीत. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून असे अनेक रंगांचे छापणे रुळले.

इतक्या हातांतून गेलेला तो कागद साधारण वीस मोनला (मोन म्हणजे तेव्हाचे छोटे नाणे) मिळे. सोबा शेवयांच्या वाडग्याला सोळा मोन पडत. दिवसभर करवत चालवून घरी निघालेला माणूस जवळपास एक वाडगा शेवयांच्या पैशांत घरी चित्र नेऊ शके. दहा लाखांच्या वर वस्तीच्या शहरात, ज्यातले निम्मे लोक साधे नगरवासी, तिथे हे मोठेच आश्चर्य आहे, आणि मी ते कमी लेखणार नाही. दरबाराबाहेरच्या माणसांनी स्वतःच्या शहराचे चित्र इतक्या स्वस्तात विकत घेतल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत.

पण स्वस्त का होते? खप मोठा होता हे एक कारण. दुसरे म्हणजे कित्येक चित्रांच्या मागे दुकानदार उभा होता. हिरोशिगेच्या त्याच शंभर स्थळांत एदोतल्या कान्दा नावाच्या भागातल्या कापड रंगवणाऱ्यांच्या गल्लीचे चित्र आहे. उंच बांबूंवर वाळत घातलेली निळी-पांढरी लांबलचक कापडे, मागे फुजी. जवळून बघितले तर एका कापडावर हिरोशिगेच्या नावातली दोन अक्षरे गुंफून केलेले चिन्ह आहे आणि दुसऱ्यावर 'मासा' या अर्थाचे अक्षर. प्रकाशकाचे नाव उओया एइकिची. 'उओ' म्हणजे मासा. गल्लीच्या चित्रात प्रकाशकाने आपली पाटी टांगून घेतली. होकुसाई या चित्रकाराच्या फुजीच्या मालिकेत एदोतल्या सुरुगा-चो या वस्तीचे चित्र आहे: छपरावर कौले चढवणारे कामगार, आकाशात पतंग, आणि एचिगोया दुकानाच्या पाट्यांवर 'रोखीने, घासाघीस नाही'. मित्सुई घराण्याने १६७३ मध्ये काढलेले हे कापडाचे दुकान एकाच भावाच्या रोख विक्रीसाठी प्रसिद्ध होते. आजची मित्सुकोशी ही बड्या दुकानांची साखळी त्यातूनच आली. सेन्जोको नावाची चेहऱ्याला लावायची पांढरी पावडर तर इतक्या चित्रांच्या कानाकोपऱ्यांत डोकावते की तिचा मालक दर दुसऱ्या प्रकाशकाच्या ओट्यावर बसून असावा असा संशय येतो.

जाहिरात आहे म्हणून चित्र खोटे ठरत नाही. उलट, दुकानदाराला आपली पाटी चुकीची काढलेली चालत नाही, म्हणून अशा तपशिलांवर विश्वास ठेवता येतो. 'हिमातला बिकुनी पूल' या चित्रात डावीकडे मोठ्या अक्षरांत पाटी आहे: 'डोंगरातला देवमासा'. बौद्ध रीतीने जनावराचे मांस खाणे गैर, म्हणून रानडुकराला देवमासा म्हणायचे आणि चवीने खायचे. (आपल्याकडेही पंक्तीत काही पदार्थांना वेगळी नावे असतात, ती इथे सांगत नाही.) समोरच्या भाजलेल्या रताळ्यांच्या दुकानावर 'तेरा री' असे लिहिले आहे. री हे अंतराचे माप. 'कुरी' म्हणजे चेस्टनट, पण त्यातच 'कु-री', नऊ री असेही ऐकू येते; 'योरी' म्हणजे 'पेक्षा', त्यात चार री. नऊ आणि चार तेरा: चेस्टनटपेक्षा गोड रताळी! हा विनोद एदोच्या रस्त्यावरचा आहे आणि कुठल्याही सरकारी बखरीत सापडायचा नाही. तो टिकला तो अशा चित्रांमुळे.

कपड्यांचेही तसेच, आणि त्यात आपल्या कोकणाचा एक धागा आहे. पोर्तुगीज जहाजांतून जपानला पोचलेल्या एका पट्ट्यापट्ट्यांच्या तलम रेशमाला तिथे 'चाउ-जिमा' म्हणत. जिमा म्हणजे पट्टे आणि चाउ म्हणजे रेवदंड्याजवळचे आपले चौल. पुढे ते कापड क्योतोतच विणले जाऊ लागले, नाव मात्र चौलचे राहिले. सामुराई त्याचे हाकामा, म्हणजे कमरेखालचे चुण्यांचे वस्त्र, शिवून घेत. चौलमधल्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

कपड्यांपाशी मात्र गोष्ट गंभीर होते. १७७० च्या दशकात इसोदा कोर्युसाई या चित्रकाराने नव्या वर्षाच्या नव्या नक्ष्यांची एक प्रचंड मालिका काढली, शंभराहून अधिक चित्रांची. प्रत्येकात योशिवारातल्या नावाजलेल्या स्त्रिया नवे किमोनो नेसून उभ्या आहेत, कुठल्या घराची कोण हे नावानिशी लिहून. शहरातल्या बायका त्या नक्ष्या बघत, कापडवाल्यांचा धंदा होई, कुंटणखान्याची जाहिरात होई, प्रकाशकाचा माल खपे. सगळ्यांचे भले. फक्त तो किमोनो कोणाच्या पैशांचा होता? योशिवारातल्या बाईला कपडे, अंथरूण-पांघरूण, दिवाबत्ती, बरोबरच्या लहान मुलींचा खर्च, सगळे स्वतःच्या नावावर घ्यावे लागे. आईबापांनी आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी ती लहानपणीच आलेली असे, करार साधारण दहा वर्षांचा, आणि असल्या खर्चांनी कर्ज फिटण्याऐवजी चढे. आपण काचेपलीकडून ज्या नक्षीकडे डोळे भरून बघतो ती तिच्या खात्यावर मांडलेली रक्कम आहे. पाटीवर 'बहुरंगी छपाईचा उत्कृष्ट नमुना' एवढेच लिहिले तर ते खोटे नाही. पण ते दुकानदाराचेच वाक्य आहे, आणि सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संग्रहालयाने दुकानदाराचे वाक्य अडीचशे वर्षांनी पुन्हा म्हणण्याचे कारण नाही.

इथे पहिल्या तटाचा आक्षेप येतो: आजच्या नीतीने कालचे मोजू नका. ठीक. कालच्याच लोकांना विचारू. १८४९ मध्ये योशिवारातल्या उमेमोतोया नावाच्या घरातल्या १६ स्त्रियांनी मिळून घराला आग लावली, आणि पळून न जाता स्वतःहून अधिकाऱ्यापुढे हजर झाल्या. मालकाचा छळ, उपासमार, मारहाण सगळे त्यांनी सांगितले. त्यांच्यातल्या काहींनी रोजनिशा लिहिल्या होत्या, त्या चौकशीच्या कागदांबरोबर टिकल्या. २०२० मध्ये चिबा प्रांतातल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने जपानी इतिहासातल्या स्त्री-पुरुष भेदावर प्रदर्शन भरवले तेव्हा हे प्रकरण लोकांपुढे ठेवले होते. मिनोवा भागातल्या जोकान-जी देवळाला लोक 'टाकून देण्याचे देऊळ' म्हणत. योशिवारातल्या बेवारस स्त्रियांची प्रेते तिथे आणली जात. हे नाव ठेवणारे आजचे टीकाकार नव्हेत, एदोचेच लोक. नीती तेव्हाही होती. चित्रे विकत घेणाऱ्यांना ती बाजूला ठेवता येत होती, एवढेच. आपण त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी पेशवाईतल्या बावनखणीच्या गोष्टी सांगताना आपला सूर किती हळवा होतो तेही आठवून बघावे.

दुसऱ्या तटाला माझे उत्तर उतामारो हा चित्रकार देतो. १७९४ च्या सुमारास त्याने 'योशिवाराचे बारा प्रहर' काढले, प्रत्येक प्रहराला एक चित्र. त्यातल्या रात्री दोनच्या चित्रात एक बाई झोपेतून उठून बाहेर चालली आहे. एका हातात पेटवलेली कागदाची वळी, डोळे अर्धे मिटलेले, पाय अंधारात चपला चाचपतो आहे. बस्स. गिऱ्हाईक नाही, थाट नाही. हेही चित्र विकायलाच काढले होते, त्यामागेही प्रकाशकाचा हिशोब होता, आणि तरी रात्रपाळी केलेल्या कुठल्याही माणसाला तो चपला शोधणारा पाय ओळखू येईल. प्रदर्शनच नको म्हटले तर हा पायही गेला. त्या स्त्रियांच्या हातचे कागद मोजके आहेत. त्यांचे अंगाचे वळण, दमणूक, हातातली वस्तू यांच्या खुणा सापडतात त्या याच बाजारी चित्रांत.

सरकार चित्राच्या चौकटीत कसे घुसते, हेही पाटीवर यायला हवे. १७९० पासून प्रत्येक चित्रावर तपासनिसाचा शिक्का लागू लागला. चित्र नीट बघितले तर तो लहानसा गोल ठसा दिसतो. बहुतेक प्रेक्षकांना ती चित्रकाराची सही वाटते. उतामारोचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याची १७९१ मध्ये दुसऱ्या एका लेखकाच्या पुस्तकांपायी निम्मी मालमत्ता जप्त झाली. पुढे हुकूम निघाला: वेश्यांखेरीज दुसऱ्या स्त्रियांची नावे चित्रावर छापायची नाहीत. त्या वेळी आसाकुसाच्या देवळाजवळच्या नानिवाया चहाच्या दुकानात चहा देणारी ओकिता शहरभर गाजत होती. तिचे नाव लिहायचे नाही म्हणता? उतामारोने कोपऱ्यात कोडे काढले: भाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र, शेत. जपानीत ओळीने म्हटले की 'ना-नि-वा-या-ओकि-ता'. पोराटोरांनाही वाचता आले असणार. १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली. १८०४ मध्ये तर जुन्या काळच्या हिदेयोशी या सत्ताधीशाला बायकांच्या घोळक्यात दाखवल्याबद्दल उतामारोला ५० दिवस हातकड्या घातल्या. दोन वर्षांनी तो वारला.

नियम काय सांगतो बघा. चहा देणाऱ्या मुलीचे नाव छापणे गुन्हा आणि विकलेल्या मुलीचे नाव छापणे कायदेशीर. आज संग्रहालयांच्या भिंतींवर एदोच्या स्त्रिया म्हणून योशिवाराच्याच इतक्या का दिसतात, कोळणी, धुणे धुणाऱ्या, मागावर बसलेल्या इतक्या कमी का, याचे एक कारण या हुकमांत आहे. ती त्या शहराच्या आवडीनिवडीची निव्वळ नोंद नव्हे. १८४२ मध्ये पुन्हा नट आणि वेश्या दोघांच्याही चित्रांवर बंदी आली, तेव्हा कुनियोशी या चित्रकाराने नटांचे चेहरे गोदामाच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओरखडल्यासारखे काढले. मी थोडेच काढले, भिंतीवर कुणीतरी गिरगटले आहे! मध्ये डोक्याला फडके बांधून नाचणारी एक मांजरही आहे. एदोच्या चित्रांतल्या मांजरींवर स्वतंत्र लेख लिहिता येईल.

आणि शहर पडले तेव्हा? ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदोला मोठा भूकंप झाला. हजारो माणसे गेली, आगी लागल्या, योशिवारा जळून गेले. एकाच दरवाजाच्या वस्तीत शेकडो स्त्रिया अडकून मेल्या. काही दिवसांतच रस्त्यावर चित्रे आली, सही नाही, तपासनिसाचा शिक्का नाही. जमिनीखालचा प्रचंड मासा शेपूट हलवतो म्हणून भूकंप होतो अशी समजूत होती, त्या माशाची चित्रे. दोनशेहून अधिक प्रकार निघाले. एकात योशिवाराच्या बायका आणि इतर लोक त्या माशाला हाणत आहेत. सुतार, गवंडी, कौले चढवणारे मात्र मजेत, कारण शहर पुन्हा बांधायचे म्हणजे त्यांची चांदी. भूकंप कोणाला बुडवतो आणि कोणाला तारतो हे इतके स्पष्ट आणि इतक्या विनोदाने क्वचितच कुणी सांगितले असेल. दोनेक महिन्यांत सरकारने ही चित्रे बंद केली, ठोकळे नष्ट करवले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, १८५६ च्या दुसऱ्या महिन्यात, हिरोशिगेची 'शंभर स्थळे' निघू लागली. शिक्क्यासह. त्यांत ढिगारे नाहीत. आसाकुसाच्या देवळातला मनोरा हिमात ताठ उभा आहे. भूकंपात त्याचा कळस वाकला होता तो नुकताच सरळ केला होता. हिरोशिगे अग्निशमन अधिकाऱ्याच्या घरातला, बाराव्या-तेराव्या वर्षीच वडिलांची जागा त्याच्याकडे आली होती. जळके शहर त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? तो जे टाळतो ते अज्ञानाने नव्हे. मला त्यात लबाडीपेक्षा इलाज जास्त दिसतो: नुकत्याच पडलेल्या शहराला त्याचे उभे रूप विकत देणे. पण त्या मनोऱ्याचे चित्र भिंतीवर एकटे टांगले तर ते 'जुने सुंदर एदो' होते. शेजारी मासा टांगला की त्याला अर्थ येतो.

एकट्या टांगलेल्या चित्राचे परिणाम संग्रहालयाच्या दाराबाहेरही पोचतात. निहोनबाशी पूल म्हणजे एदोचा शून्य मैलाचा दगड. हिरोशिगेच्या मालिकेतले पहिलेच चित्र त्याचे आहे: हिमानंतरची सकाळ, काठावर मासळीबाजार, मागे किल्ला आणि फुजी. १९६३ मध्ये, ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, आजच्या दगडी पुलाच्या डोक्यावरून द्रुतगती मार्ग नेला. आता तो जमिनीखाली नेण्याचे काम चालू आहे; भुयारी रस्ता २०३५ च्या आसपास आणि वरचा सांगाडा काढणे २०४० पर्यंत, खर्च तीस हजार कोटी येनहून जास्त. तो सांगाडा कुरूप आहे, जावा. मात्र या कामाच्या कौतुकात हिरोशिगेची चित्रे पुढे केली जातात तेव्हा मला हसू येते. त्या चित्रात पुलाच्या पायथ्याशी जे आहे ते टोपल्या आणि मासळी आहे. १९२३ च्या भूकंपानंतर तो बाजार त्सुकिजीला गेला. आकाश परत आणायला सगळे तयार आहेत, मासळीचा वास परत आणायला कोणी नाही. कोळ्यांना वगळून हिरोशिगे हवा असेल तर तसे सरळ म्हणावे.

स्वतः हिरोशिगेने कडेच्या माणसांना वगळले नव्हते. 'योत्सुया, नाइतो शिंजुकु' या चित्राचा अर्धा भाग घोड्याच्या ढुंगणाने व्यापला आहे आणि रस्त्यावर लीद पडली आहे. हानेदाच्या तरीच्या चित्रात देऊळ लांब, टिकलीएवढे. अगदी समोर नावाड्याची केसाळ तंगडी आणि हात, बाकी माणूस चौकटीबाहेर. प्रसिद्ध स्थळ विकत घेणाऱ्याला आधी तिथे नेणाऱ्याची तंगडी बघावी लागते. म्हणून मला वाटते की या चित्रांवर अन्याय करायचा नसेल तर पाटी लिहिणाऱ्याने कडेपासून सुरुवात करावी.

मांजरीच्या चित्राखाली मला अशी पाटी हवी: 'योशिवारातली खोली. १८५५ च्या भूकंपात ही वस्ती जळली. १८५७ मध्ये धंदा जागेवर परत आला. जमिनीवरचे केसांचे आकडे जत्रेतून गिऱ्हाइकाने आणलेले. या दिवशी बाईला गिऱ्हाईक मिळवणे सक्तीचे होते. बाई पडद्याआड आहे. चित्र: हिरोशिगे. प्रकाशक: उओया एइकिची. कोरणारे व छापणारे: नावे छापलेली नाहीत.' सात-आठ ओळी. मांजरीचे सौंदर्य यातल्या कुठल्याही ओळीने कमी होत नाही. शेवटची ओळ मला हट्टाने हवी आहे, कारण नावे देता येत नव्हती असे नाही. १८३० च्या दशकातल्या तोकाइदो या एदो-क्योतो हमरस्त्याच्या मालिकेत, गोयू गावच्या चित्रात, खाणावळीच्या भिंतीवर पाट्या लावल्या आहेत. वाचल्या तर त्या गिऱ्हाइकांच्या नाहीत. कोरणारा जिरोबेइ, छापणारा हेइबेइ. बाहेर रस्त्यावर खाणावळीच्या धिप्पाड बाया वाटसरूंना ओढत आहेत आणि आत, गुपचूप, चित्र बनवणाऱ्यांनी स्वतःला मुक्कामाला उतरवून घेतले आहे.

उएनोच्या त्या प्रदर्शनात, जाहिरातीवरून इतके रामायण होऊनही, आत बरेच काही गंभीरपणे मांडलेले होते हे मान्य करायला हवे. त्यात ठशाच्या चित्रांबरोबर एक तैलचित्रही होते, विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहातले. १८७२ मध्ये ताकाहाशी युइची या चित्रकाराने कोइना नावाच्या योशिवारातल्या एका नावाजलेल्या स्त्रीला समोर बसवून ते रंगवले. डोक्यात आकड्यांचा तोच संभार, अंगावर तोच जड किमोनो, पण चेहरा ठशातल्यासारखा लांबट-गुळगुळीत नाही. गालाची हाडे दिसतात, कातडीचा पोत दिसतो, डोळ्यांखाली थकवा आहे. चित्र बघून ती रडली, मी अशी दिसत नाही म्हणाली, अशी गोष्ट सांगतात. त्याच वर्षी सरकारने वेश्यांना करारांतून मुक्त करण्याचा हुकूम काढला. योशिवाराचे दरवाजे कायद्याने बंद व्हायला १९५८ साल उजाडले.